प्रेसखाली बोट गेले, हक्क जाऊ नये

भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत पत्र्याचे सुटे भाग बनविणारे लहान-मोठे कारखाने दाटीने उभे आहेत. मोटारीचा दरवाजा असो, दुचाकीची टाकी असो वा पंख्याचे आवरण, पत्र्याला आकार देणारे मुख्य यंत्र एकच, ते म्हणजे पॉवर प्रेस. या यंत्रावर काम करणाऱ्या कामगारांच्या हातांकडे पाहिले, की या व्यवसायातील धोका वेगळा सांगावा लागत नाही. कोणाचे एक पेर गेलेले असते, कोणाची दोन बोटे. बोट गेल्यावर मिळणारी भरपाई कायद्यात तक्त्यानिशी नमूद आहे. तरीही ती अनेकांच्या हाती पडत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कायद्यातील उणीव हे नसते. अपघाताची नोंद अपघात म्हणून झालेली नसते, कामगाराचे नाव हजेरीपटावर नसते किंवा कोऱ्या कागदावर त्याची सही अगोदरच घेतलेली असते. म्हणूनच अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काय करावे, कायदा काय देतो आणि कोठे दाद मागावी, याची माहिती प्रत्येक कामगाराला असणे आवश्यक आहे.

अपघात होतो कसा?

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पायडल दाबले की क्लच गुंततो आणि रॅम खाली येतो. की-क्लच किंवा पिन-क्लच असलेल्या प्रेसमध्ये एकदा क्लच गुंतला की फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम मध्येच थांबविता येत नाही. कामगाराचा हात डायमध्ये असल्याचे दिसले तरी उपाय उरत नाही. क्लचची चावी झिजली किंवा ब्रेक सैल झाला, तर पायडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार याला 'डबल स्ट्रोक' म्हणतात. तयार झालेला जॉब काढण्यासाठी हात आत गेलेला असतो आणि नेमका तेव्हाच हा दुसरा आघात होतो.

यावरील उपाय नवे नाहीत, महागही नाहीत. डायभोवती स्थिर जाळी, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे, हात आत जाताच यंत्र थांबविणारा प्रकाशपडदा आणि जॉब उचलण्यासाठी चिमटा किंवा चुंबकी दांडा, ही साधने सर्वपरिचित आहेत. त्यांतील प्रकाशपडदा मात्र ज्या प्रेसचा रॅम मध्येच थांबविता येतो तेथेच उपयोगी पडतो. की-क्लचच्या जुन्या प्रेसवर तो लावून भागत नाही, तेथे स्थिर जाळीच हवी. प्रत्यक्षात तासाला ठरलेले नग काढावयाचे असल्याने जाळी काढून ठेवली जाते आणि दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले जाते. हेल्पर म्हणून घेतलेल्या नवख्या कामगाराला त्याच दिवशी प्रेसवर बसविले जाते, हेही नेहमीचेच. ड्रिल, लेथ, कात्री आणि ग्राइंडर या यंत्रांवरही हातांना इजा होतात. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजा घालणे तर अधिकच धोक्याचे, कारण मोजा गुंतला की हात ओढला जातो.

पहिले काही तास

तुटलेले बोट पुन्हा जोडता येते का, हे जखमेच्या स्वरूपावर आणि वेळेवर अवलंबून असते. धारदार पात्याने स्वच्छ कापलेले बोट जोडण्याची शक्यता अधिक, तर प्रेसखाली चिरडलेल्या बोटाची कमी. मात्र तो निर्णय शल्यचिकित्सकाने घ्यावा, सुपरवायझरने नव्हे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये, कारण त्याने पेशी मरतात. जखमेवर हळद, तंबाखू किंवा ग्रीस लावू नये. अंगठी असल्यास सूज येण्यापूर्वी काढावी. बोटात स्नायू नसल्याने थंड ठेवलेले बोट काही तास टिकते. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर मात्र सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया होणे इष्ट असते.

रुग्णालयात पोहोचल्यावर वैद्यकीय कागदावर काय लिहिले जाते, याकडे लक्ष द्यावे. 'घरी पडून इजा' किंवा 'दारात बोट सापडले' अशी नोंद झाली, तर पुढील सर्व हक्कांचा पायाच ढासळतो. कारखान्याचे नाव, यंत्र, वेळ आणि 'काम करताना इजा' हे शब्द केसपेपरवर असलेच पाहिजेत. सोबत आलेला ठेकेदाराचा माणूस काय सांगतो त्यावर विसंबून राहू नये. जखमी व्यक्तीने वा नातेवाइकाने डॉक्टरांना स्वतः सांगावे.

नोंद हाच पुरावा

कारखान्यात अपघात नोंदवही असते आणि तीत नोंद करणे ही मालकाची जबाबदारी असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ८८ व्या कलमानुसार, ज्या इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही तिची सूचना कारखाना निरीक्षकाकडे जाणे बंधनकारक होते. नव्या कायद्यातही अपघाताची सूचना देण्याचे बंधन कायम आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. मालकाने कळविले नाही, तर कामगाराने किंवा संघटनेने स्वतः लेखी तक्रार करून पोहोच घ्यावी. हजेरी कार्ड, गेटपास, पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा, सहकाऱ्यांची नावे आणि यंत्राचे छायाचित्र हे सारे त्याच आठवड्यात गोळा करून ठेवावे. महिन्याभराने तीच प्रेस नवी जाळी लावून उभी असते आणि सोबतचे कंत्राटी कामगार दुसरीकडे गेलेले असतात.

ईएसआयचे संरक्षण

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा प्रत्येक कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. कंत्राटी कामगारही त्यातून वगळलेला नाही. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. कामावरील अपघातासाठी मात्र अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हक्क मिळतो.

या योजनेत दोन लाभ महत्त्वाचे आहेत. पहिला तात्पुरत्या अपंगत्वाचा. उपचार चालू असून काम करता येत नाही तोवर सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. अट एवढीच, की अपघाताचा दिवस सोडून अपंगत्व किमान तीन दिवसांचे असावे. दुसरा कायमच्या अपंगत्वाचा. वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरविते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. ढोबळ उदाहरण घेऊ. महिना १८,००० म्हणजे रोज ६०० रुपये वेतन असल्यास ९० टक्क्यांनी रोजचा पूर्ण दर ५४० रुपये होतो. अंगठा गेल्यास ३० टक्के धरले जातात, म्हणजे रोज १६२ रुपये किंवा महिन्याला सुमारे ४,८६० रुपये. कामगार पुन्हा कामावर जाऊन पूर्ण पगार घेऊ लागला तरी ही रक्कम बंद होत नाही. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसल्याने कामावर रुजू होताच ते मंडळापुढे जाण्याचे टाळतात आणि जन्मभराचा लाभ गमावून बसतात. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर मुदतीत अपील करता येते.

मालकाने वर्गणीच भरली नसेल तर काय? कामगाराचा हक्क त्यामुळे बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन त्याची वसुली मालकाकडून करू शकते. अडचण असते ती नोकरी सिद्ध करण्याची. गुरुग्राम येथील 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांसाठी काम करते आणि २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल प्रसिद्ध करते. बहुतेक जखमी कामगारांना ईएसआयचे ओळखपत्र अपघातानंतरच मिळाले, असे या अहवालांतून वारंवार समोर आले आहे. ते नोकरीच्या पहिल्या दिवशीच मिळावयास हवे. कार्ड मागणे हा त्यामुळे सुरक्षेचाच एक भाग ठरतो.

ईएसआय लागू नसेल तर

वेतन मर्यादेपेक्षा अधिक असेल किंवा कारखाना योजनेबाहेर असेल, तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने ही जबाबदारी प्रथम घातली. २०१० पासून तो कर्मचारी भरपाई कायदा म्हणून ओळखला गेला. एकाच अपघातासाठी ईएसआय आणि हा कायदा असे दोन्ही लाभ मात्र घेता येत नाहीत.

या कायद्याच्या परिशिष्टात हाताच्या प्रत्येक भागासाठी कमाईच्या क्षमतेतील घट ठरवून दिली आहे. ती पुढीलप्रमाणे :

दोन्ही हात : १०० टक्के
एक पूर्ण हात, किंवा अंगठा व चारही बोटे : ६० टक्के
एका हाताची चार बोटे : ५० टक्के
एका हाताची तीन बोटे : ३० टक्के
एका हाताची दोन बोटे : २० टक्के
अंगठा : ३० टक्के, अंगठ्याचे शेवटचे पेर : २० टक्के
तर्जनी : १४ टक्के, तिचे एक पेर : ९ टक्के
मधले बोट : १२ टक्के, त्याचे एक पेर : ७ टक्के
अनामिका किंवा करंगळी : ७ टक्के, एक पेर : ५ टक्के

बोट जागेवर आहे पण कायमचे निकामी झाले आहे, अशा वेळी ते तुटल्यासारखेच धरले जाते, अशी तरतूदही या परिशिष्टात आहे. वाकत नसलेल्या बोटाबद्दल 'बोट तर शाबूत आहे' असे सांगून कोणी परत पाठवीत असेल, तर ही तरतूद दाखवावी.

आता रकमेचा हिशेब. पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी कमाल १५,००० रुपये धरले जात. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८ बरोबर १८,७१,८२० रुपये. अंगठा गेल्यास त्याच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. तर्जनी गेल्यास १४ टक्के, म्हणजे सुमारे २,६२,०५५ रुपये. वय कमी असेल तर गुणक वाढतो, कारण पुढील कमाईची वर्षे अधिक असतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यावयाचा असतो. 'दवाखान्याचे बिल आम्ही भरले, तीच भरपाई' हे उत्तर म्हणूनच कायद्यात बसत नाही.

भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास थकीत रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जबाबदारीबद्दल वाद असला तरी मालक जेवढी रक्कम मान्य करतो तेवढी त्याने लगेच द्यावी लागते.

तक्ता हा शेवटचा शब्द नव्हे

तक्ता बोटे मोजतो आणि उजव्या-डाव्या हातात फरक करीत नाही. कायद्याचा मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे : अपघातापूर्वी हा माणूस जे काम करू शकत होता, ते आता करू शकतो का? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला होता. तक्त्याप्रमाणे अपंगत्व ७० टक्केच धरावे, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने करता येत नाही, म्हणून हे अपंगत्व पूर्ण होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. भरपाईची जबाबदारी निकालाच्या नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. प्रत्येक बोटासाठी हा न्याय लागू होईल असे नाही. परंतु ज्या टर्नरची किंवा वेल्डरची पकड कायमची गेली आहे, त्याने डॉक्टरांचा अभिप्राय आणि आपल्या कामाचे नेमके स्वरूप दावा करताना अवश्य मांडावे.

'चूक तुझीच होती'

अपघातानंतर कामगाराला हमखास ऐकावे लागणारे हे वाक्य. साध्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नाही. भरपाई कायद्यात मालकाला सूट मिळते ती कामगार नशेत असल्यास, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडल्यास किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढल्यास, आणि हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. इजेने मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ही सूटही मिळत नाही. उत्पादन वाढावे म्हणून सुपरवायझरच्याच सांगण्यावरून जाळी निघाली असेल, तर ती 'कामगाराने काढली' असे म्हणता येत नाही. ईएसआयमध्ये तर मालकाच्याच कामासाठी नियमाविरुद्ध कृती घडली असली तरी लाभ मिळू शकतो.

ठेकेदाराचा कामगार असल्यास मूळ कारखानदाराकडे भरपाई मागता येते. तो ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने निरर्थक आहे आणि तडजोड झाली तर तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते. 'सर्व हिशेब पूर्ण झाला' असे लिहिलेल्या कागदावर सही वा अंगठा देण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. २०१७ च्या दुरुस्तीने आणखी एक बंधन घातले. कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती कामगाराला लेखी, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत देणे मालकाला सक्तीचे झाले. महाराष्ट्रात ही माहिती मराठीत मागता येते, हे अनेकांना ठाऊक नाही.

नोकरीचे काय?

कायद्याची बाजू येथे सर्वांत लंगडी आहे. ईएसआयचा तात्पुरता अपंगत्व लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकण्यास मनाई आहे. त्यानंतरचे संरक्षण मात्र तोकडे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २० व्या कलमानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या व्यक्तीला काढता येत नाही, पण हे बंधन सरकारी आस्थापनांवर आहे, खासगी कारखान्यांवर नाही. पत्र्याच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराचा गेटपास नूतनीकरण न करणे एवढेच पुरेसे ठरते. म्हणूनच आयुष्यभराची मासिक रक्कम किंवा पूर्ण हिशेबाची एकरकमी भरपाई सोडून 'नोकरीवर ठेवतो' या तोंडी आश्वासनावर विसंबणे धोक्याचे आहे.

नव्या संहिता आणि मालकाची जबाबदारी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. ईएसआय आणि भरपाईचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत, तर कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावले गेले. भरपाईची घडण, म्हणजे टक्केवारीचा तक्ता, वयाचा गुणक आणि मालकाची जबाबदारी, ही मूलतः कायम आहे. आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी असा शब्द आला आहे. अपघात या तारखेच्या आधीचा असेल तर त्यावेळचा कायदा पाहावा लागतो.

नव्या सुरक्षा संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. नोकरी सिद्ध करण्याची अडचण पाहता हे कलम फार मोलाचे आहे. गंभीर इजेचा धोका दिसत असेल तर कामगार तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणू शकतो. सुरक्षेचे कर्तव्य मोडल्याने गंभीर शारीरिक इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान दोन लाख आणि कमाल चार लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या दंडातील निम्म्याहून कमी नसलेली रक्कम जखमी व्यक्तीला द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. मात्र दुसरी बाजूही आहे. यंत्रशक्ती वापरणारा 'कारखाना' ठरण्यासाठी पूर्वीच्या दहाऐवजी वीस कामगारांची मर्यादा संहितेत आली आहे. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीनेच ती स्वीकारली होती. आठ-दहा माणसांवर चालणारे प्रेसशॉप त्यामुळे कारखान्यांसाठीच्या तपासणीच्या कक्षेबाहेर राहते आणि जुनी, झिजलेली यंत्रे बहुधा अशाच शेडमध्ये येऊन पडतात. तेथील कामगाराचा भरपाईचा हक्क मात्र कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही.

दाद कोठे मागावी?

ईएसआयच्या कामगाराने शाखा कार्यालयात अपघात अहवाल पोहोचल्याची खात्री करावी. नकार मिळाल्यास कर्मचारी विमा न्यायालय आहे. थेट भरपाईचे दावे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे चालत आले आहेत. १९२३ च्या कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. वकिलाचा खर्च हीही अडचण नाही. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाने औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला असून जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर ते मागता येते.

गेलेले बोट कोणताही तक्ता परत आणू शकत नाही. ते जाऊ नये यासाठी जाळी, दोन बटणे आणि दुरुस्त ब्रेक एवढेच बहुधा पुरेसे असते. तरीही अपघात झालाच, तर केसपेपरवरील दोन शब्द, नोंदवहीतील एक ओळ आणि खिशातील विमा कार्ड यांवर त्या घराची पुढील अनेक वर्षे अवलंबून असतात. कामावर रुजू होतानाच नियुक्तिपत्र आणि विमा क्रमांक मागून घ्यावा, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित सूचना होय.